हँडल फिरवायचा इमर्जन्सी रेडिओ: तीन महिने वापरल्यावर (मध्ये किल्लारीचा भूकंप पण आलाय, आधीच सांगतो)

जूनमध्ये मी हा रेडिओ ऑनलाइन मागवला, अण्णांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच डबा चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, रंग बदलतो, किंमत शंभर-दोनशेनं इकडंतिकडं होते, आतला माल तोच. मला अडीच हजाराच्या थोडा आत पडला. एकात सगळं आहे म्हणे, रेडिओ, टॉर्च, सोलर, हँडल, पॉवर बँक, सायरन. घरात सगळे म्हणाले की आता मोबाईलवर सगळं येतं, रेडिओ कशाला. मी म्हटलं टॉवर गेला की मोबाईल म्हणजे आरसा. पण खरं कारण ते नव्हतंच, खरं कारण 1993 चं आहे, ते खाली येईलच.

आधी वस्तूबद्दल बोलू, नाहीतर म्हणाल रिव्ह्यू म्हणून आत बोलावलं आणि गोष्ट सांगत बसला.

साईज साधारण जेवणाच्या डब्याएवढी, हातात धरायला बरी. मागं हँडल दुमडून बसतं, ते उघडून गरागरा फिरवायचं की आतली बॅटरी चार्ज होते. बॅटरी 2000 एमएएच लिहिलीय. मी घड्याळ लावून बघितलं, पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर एक मिनिट फिरवलं, सेकंदाला साधारण दोन फेरे, तर आवाज बारीक ठेवून सातेक मिनिटं रेडिओ चालला. हे मला मान्य आहे, वाईट नाही. पण त्यावर मोबाईल चार्ज होतो असं जे लिहिलंय ना ती शुद्ध थाप आहे, दहा मिनिटं हात दुखेपर्यंत फिरवलं आणि मोबाईल एक टक्का वर गेला, तोही मी फोन हातात घेऊन बघत होतो त्यात खर्च झाला असेल. सोलरची पट्टी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवला तर बॅटरीच्या खुणेतली एक काडी वाढली. सोलर म्हणजे शोभेला. त्यापेक्षा चार्जरला लावा, आणि हो, चार्जिंगचं भोक जुन्या पद्धतीचं आहे, आताच्या केबल बसत नाहीत.

एक गोष्ट मात्र फार चांगली केलीय, तीन बारके सेल घालायची जागा वेगळी दिलीय. म्हणजे आतली बॅटरी मेली तरी सेलवर चालतो. हे बघून अण्णा पहिल्यांदा खूश झाले, तोपर्यंत ते त्याच्याकडं जत्रेतल्या खेळण्याकडं बघावं तसं बघत होते.

आता खरी कटकट. रेडिओ डिजिटल आहे, बटण दाबलं की आकडा पुढं सरकतो. अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पुणं कुठंय?" पुणं म्हणजे मीडियम वेव्हवर 792, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ. मी बटण दाबतोय तर 780, 790, 800. 792 येईचना. 790 वर ठेवलं की माणूस तोंडात घोंगडी कोंबून बोलतोय असं ऐकू येतं. मला वाटलं पीस खराब आला, परत पाठवायच्या तयारीत होतो. मग कळलं की अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहाच्या अंतरावर असतात आणि आपल्याकडं नऊ-नऊच्या, आणि हा डबा तिकडच्या हिशोबानं लावून आलाय. एक बटण दाबून धरलं की नऊवर येतो. माहितीच्या कागदात याचा एक शब्द नाही, दोन दिवस सगळी बटणं दाबून धरत बसलो तेव्हा सापडलं. तसंच त्यावर हवामानाचा एक वेगळा बँड आहे, वादळाची सूचना देणारा, जाहिरातीत त्याचंच कौतुक जास्त. ती सेवा अमेरिकेतली आहे बाबांनो, आपल्याकडं त्या बँडवर फक्त खर्रर्र येतं. ते बघून घेऊ नका.

आणि मीडियम वेव्हला ती उभी अँटेना ओढून काही फरक पडत नाही, ती एफएमसाठी. मीडियम वेव्हसाठी आत एक काळी कांडी असते तार गुंडाळलेली, त्यामुळं अख्खा रेडिओच फिरवून बघायचा कुठल्या तोंडानं स्वच्छ येतंय. अण्णांना यातलं शास्त्र काही माहीत नाही पण त्यांचा जुना मर्फी कंपनीचा रेडिओ कोनाड्यात कायम तिरका ठेवलेला असायचा, कुणी सरळ केला की ओरडायचे.

तर तो मर्फी. तिथूनच आलो मी.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मी तेव्हा चौथीत होतो. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन, आम्ही पोरं रात्री उशिरापर्यंत जागलो, केसात गुलाल तसाच घेऊन झोपलो. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, हे वेळेचं नंतर कळलं, तेव्हा फक्त मांडणीवरची भांडी धाडधाड खाली आली आणि माझ्या तोंडावर माती पडली. आमचं घर धाब्याचं. म्हणजे दगडाच्या जाडजूड भिंती, वर लाकडी सरं, फळ्या, आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. उन्हाळ्यात आत एकदम गार. आजीला वाटलं बोका शिरला, ती अंधारात हाड हाड करत होती. अण्णांनी मला आणि बहिणीला काखेत मारलं आणि अंगणात आणून टाकलं, परत आत जाऊन आजीला उचललं. सगळी आळी बाहेर. लाईट गेलेली. कुणाला काही माहीत नाही. कुणी म्हणतंय भूकंप, कुणी म्हणतंय कुठं तरी सुरुंग लावला.

अण्णा परत आत गेले (आईनं नको नको म्हटलं तरी) आणि मर्फी घेऊन आले. लावला तर नुसती खरखर, कारण त्या वेळेला आकाशवाणी सुरूच झालेली नसते. तरी त्यांनी बंद केला नाही. मला ते फार लक्षात आहे, सगळी माणसं अंगणात घोंगड्या पांघरून बसलीत, मध्ये रेडिओ खरखरतोय, आणि सगळे त्या खरखरीकडं तोंड करून बसलेत. मग सहाच्या आधी ती सुरुवातीची धून वाजली. आयुष्यात पहिल्यांदा ती धून ऐकून आई रडली, मला कळेना की यात रडण्यासारखं काय आहे, रोजचीच तर आहे.

सकाळच्या प्रादेशिक बातम्या म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ, सुधा नरवणेंचा आवाज आला की आई डबे भरायला घ्यायची. त्या दिवशी डबे नव्हते. पहिल्यांदा नुसता भूकंपाचा धक्का एवढंच कळलं, मग जसजसा दिवस वर आला तसं नाव यायला लागलं, लातूर जिल्ह्यातलं किल्लारी. मी ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, मला वाटलं किल्ला असेल तिथं. मग आकडे. आणि आता जे लिहितोय ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. आमच्या घरात रेडिओवर आकडे वाढायचे ते फक्त क्रिकेटच्या कॉमेंट्रीत. अण्णा शेतात असले की मी रेडिओला कान लावून बसायचो आणि पळत जाऊन स्कोअर सांगायचो, ते माझं काम. त्या दिवशीही अण्णा गोठ्यात होते, रेडिओवर आधी शेकड्यांतला असलेला आकडा हजाराच्या पुढं गेला आणि मी तसाच पळत गेलो आणि ओरडून सांगितला, स्कोअर सांगतात तसा, चांगला जोरात. अण्णांच्या हातात वैरणीची पेंढी होती. त्यांनी मारलं नाही, ओरडले पण नाहीत. पेंढी खाली ठेवली, माझ्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळा, ती माणसं हायेत." बस्स एवढंच. परत वैरण टाकायला लागले.

मी नंतर कित्येक दिवस बातम्या लागल्या की आकडा आला की कानात बोटं घालायचो. आकडा शेवटी जवळपास दहा हजारांपर्यंत गेला.

आजीचं वेगळंच. तिच्या मामाची लेक सास्तूरला दिलेली. दर बातम्यांना ती विचारायची, "सास्तूरचं नाव घेतलं का रं?" नाही आजी. "मग ठीक आहे." तिच्या हिशोबानं रेडिओवर नाव आलं नाही म्हणजे गाव शाबूत. रेडिओ बंद करू द्यायची नाही आणि जवळही यायची नाही, चुलीपाशी बसून विचारायची. गावांची नावं वाढत चालली, मंगरूळ, तळणी, राजेगाव, होळी, पेठ सांगवी. आणि मग सास्तूर आलं. तेव्हा घरात मी आणि आजी दोघंच. आजीनं विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं. चौथीतलं पोर, दुसरं काय सांगणार, पण मला वाटतं तिला माझ्या तोंडावरून कळलं असणार, कारण त्यानंतर तिनं परत कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना खाली बसवलं. भूकंप म्हणजे शेषनाग डोकं हलवतो वगैरे पोरांचं चाललेलं, ते त्यांनी बंद केलं. फळ्यावर घर काढलं, आमच्यासारखंच, दगडाची भिंत, वर माती. म्हणाले, माणसं भूकंपानं नाही मेली, घर अंगावर पडून मेली, दगड मातीच्या गिलाव्यात नुसते रचलेले असतात आणि वरून छपराचं ओझं, हललं की भिंत बाहेर ढासळते आणि वरची माती आत येते. झोपेत. ज्यांच्या झोपड्या गवताच्या होत्या ते वाचले. हे मला फार विचित्र वाटलं तेव्हा, म्हणजे वाडा असलेला मेला आणि खोपटातला वाचला. मग प्रत्येकानं पसाभर ज्वारी आणायची असं ठरलं. गावातून भाकरीचा ट्रक निघाला, घरटी वीस भाकरी आणि शेंगाची चटणी, त्यात अण्णा गेले. तीन दिवसांनी आले. काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही, आजही सांगत नाहीत, आजीला बाजूला घेऊन काहीतरी बोलले आणि आजीनं आंघोळ केली. मग शिडी लावून माळवदावर चढले आणि फावड्यानं माती खाली ओढायला लागले. आजी खालून ओरडतेय की सासऱ्यानं घातलेलं छप्पर आहे, उन्हाळ्यात भाजून मरशील. पुढच्या वर्षी पत्रे आले. उन्हाळ्यात खरंच भाजून निघतो.

आम्ही महिनाभर अंगणात झोपलो. रेडिओ उशाशी. इतका चालला की सेल उतरायचे, गावात तर सेलच मिळेनात, मग उतरलेले सेल ओट्यावर उन्हात वाळत घालायचे, तापले की तास दीड तास परत चालायचे. ते सेल फिरवायचं काम माझ्याकडं, पापड उलटतात तसं. पाच दिवसांनी ढिगाऱ्यातून एक दीड वर्षाची पोर जिवंत निघाली ही बातमी त्या उन्हातल्या सेलांवरच ऐकली, आळीतल्या बायका ती बातमी परत परत ऐकायला आमच्याकडं यायच्या. आणि तिकडची पोरं, माझ्याच वयाची, बाराशे जणं शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्याला नेली. मला तेव्हा वाटायचं पुण्याला म्हणजे मज्जा.

मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की 6.2 चा धक्का, जमिनीत फार खोल नाही, म्हणून एवढा मार बसला. बावन्न गावं पूर्ण नवीन जागी बसवावी लागली. आणि किल्लारीच्या आसपास तर आदल्या वर्षीपासूनच बारके धक्के बसत होते, लोकांना सवय झालेली. सरकारी नकाशात तो भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेला, पहिल्या झोनमधला. 2002 च्या नकाशात तो पहिला झोनच काढून टाकला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली.

असो. रेडिओकडं येतो, कारण त्याची सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगायची आहे.

बाजूला एक लाल बटण आहे, एसओएस. दाबलं की सायरन आणि लाईट उघडझाप. हे बटण बरोब्बर तिथं दिलंय जिथं रेडिओ उचलताना अंगठा येतो. झाकण नाही, लॉक नाही. जुलैत मी गावी होतो, पहाटे अण्णा पाणी प्यायला उठले, अंधारात टॉर्च म्हणून हाच उचलला आणि सायरन सुटला. काय आवाज आहे राव, अख्खी आळी उठली. मी धडपडत उठून बाहेर आलो तर अण्णा, वय वर्षं शहात्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अंगणाच्या मधोमध बनियनवर उभे, पत्र्यापासून लांब, आणि आत तोंड करून ओरडतायत, "भाईर या, आधी पोराला घ्या." रेडिओ त्यांच्याच हातात वाजतोय. मी जवळ जाऊन बंद केला. दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्येला आवाज लई हाय," आणि मग दोघंही हसलो. आई नाही हसली. तिनं सकाळी दवाखान्यातली चिकटपट्टी आणून त्या बटणावर चार पदर लावले, अजून आहेत. कंपनीवाल्यांनो, एक प्लास्टिकचं टोपण दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण त्याच मुक्कामात एक चांगली गोष्ट पण कळली, ती कुठल्या जाहिरातीत नाही. घरात हा रेडिओ मीडियम वेव्हवर बराच खरखरतो, मला वाटलं स्वस्तातला म्हणून. तर ते तसं नाही, एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मिळून मीडियम वेव्हवर गोंधळ घालतात. रात्री पाऊस सुरू झाला आणि लाईट गेली, इन्व्हर्टर आधीच उतरलेला, सगळं बंद, आणि एकदम 792 असं स्वच्छ आलं की शेजारी बसून कुणी बोलतंय. अण्णा खाटेवर उठून बसले. म्हणाले, "आता आलं पुणं." लाईट आल्यावर परत खरखर. म्हणजे ज्या वेळेला लागणार त्या वेळेला हा रेडिओ नेमका चांगला चालतो, हे मात्र कबूल करावं लागेल.

टॉर्च चांगला आहे, सांगायचं राहिलं. हँडलचा सांधा प्लास्टिकचा आहे, आत्ताच थोडा करकरतो, दोन वर्षं जाईल असं वाटत नाही. आवाज वयस्कर माणसाला पुरेसा. आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात. पाण्याचं म्हणाल तर शिंतोडे चालतील, पावसात ठेवू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एक सायरनच्या बटणासाठी कापला, अर्धा त्या दहा-नऊच्या भानगडीसाठी. घेणार असाल तर घ्या पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला देण्याआधी स्वतः 9 वर लावून द्या, हवी ती स्टेशनं सेव्ह करून द्या आणि लाल बटणावर पट्टी मारा.

अण्णांना विचारलं किती स्टार देणार, तर म्हणाले स्टार म्हणजे काय, चालतोय की. गणपतीत गेलो होतो तेव्हा हँडल फिरवायचं ते विसरूनच गेलेत असं दिसलं. ओट्यावर उन्हात तीन बारके सेल ओळीनं ठेवलेले होते. मी जाता जाता उलटे केले.